कोऱ्या काचेची गाडी

आमच्या गावात गाडी आली की लोक आधी आत कोण बसलंय ते बघतात. पेंटर मामा आधी मागची काच वाचायचे. हातातला ब्रश तसाच अधांतरी धरून चष्मा कपाळावर ढकलायचे आणि गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत ओठ हलवत वाचत राहायचे. आईचा आशीर्वाद, कुलदैवताची कृपा, कुणातरी साहेबांचा फोटो, खाली पोरांची नावं. वाचून झालं की रस्त्यापलीकडून मला निकाल ऐकवायचे. "ताई, ह्यो माणूस भावासंगं बोलत न्हाई. भावाचं नाव खरवडलंय, डिंक ऱ्हायलाय बगा." आणि महिन्याभरानं तो माणूस बीपीच्या गोळ्या घ्यायला माझ्याकडं आला की कळायचं, खरंच घरात वाटण्या झाल्यात.

नांदूरघाटला माझं मेडिकलचं दुकान आणि मामांची पत्र्याची टपरी समोरासमोर होती. गावात कुणाच्या पोटात काय दुखतंय ते मला ठाऊक असायचं आणि कुणाच्या मनात काय दुखतंय ते मामांना. नाव रंगनाथ, पण ते फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. उंच, वाळलेला माणूस, बाह्यांवर कायम पिवळ्या रंगाचे ठिपके. एकेकाळी गावातली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची. पुढं फ्लेक्स आले आणि मामांच्या वाट्याला नंबरप्लेटा आणि काचा तेवढ्या राहिल्या. त्याचं त्यांना फार दुःख होतं असं नाही. "फ्लेक्स वाऱ्यानं फाटतोय, ताई. काच बोलती. माणूस गप ऱ्हातो, पर काच बोलतीच."

मामींच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मामांना पहिल्यांदा गाडीची गरज पडली. मंगळवारी आणि शुक्रवारी बीडला डायलिसिस. गावात गाड्यांना तोटा नव्हता, पोळ्याला बैल कमी आणि गाड्या जास्त निघतील अशी परिस्थिती. पण सकाळी मागायला गेलं की कुणाचं डिझेल संपलेलं, कुणाचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला, कुणाला नेमकं त्याच दिवशी साहेबांच्या मागं जायचं असायचं. त्या सगळ्या गाड्यांच्या काचा मामांनी रंगवलेल्या होत्या. एकदा मामी दारात पिशवी घेऊन बसलेल्या आणि मामा गल्लोगल्ली फिरून घामेजून परत आलेले मी पाहिले. मामी मलाच हसून म्हणाल्या, "तुमचे मामा वरात काढायलेत माझी. घोडं तेवढं मिळंना."

त्याच आठवड्यात मामांनी माझ्या दुकानाच्या पायरीवर आम्हा चार घरांना बसवलं. एक ते, एक आम्ही, तिसरा खताच्या दुकानाचा भागवत आणि चौथा दूध संकलन केंद्राचा सुदाम. भागवत आणि सुदाम शाळेपासून एका बाकावरचे, एका ताटात जेवणारे. दोघांना दुकानाच्या कामासाठी बीडला जावंच लागायचं, पण एकट्याला गाडी परवडत नव्हती. मामा म्हणाले, "चार भावांत एक हिर ऱ्हाती का न्हाई? पाळीनं पानी घेत्यात का न्हाई? मंग गाडी कावून घेऊ नये?"

"आन् दोघांस्नी एकाच दिवशी लागली तर?" सुदामनं विचारलं.

"हिरीचा नेम काय हाय? ज्याचं पीक जळतंय त्याचं पानी आदी."

झालं. एवढ्या दोन वाक्यांवर आमचं मंडळ उभं राहिलं. जुनी पांढरी सात जणांची गाडी घेतली, ती मामांच्या नावावर केली आणि किल्ली माझ्या दुकानात खिळ्याला टांगली, कारण सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असणारं दुकान माझंच. सोमवार आमचा, बुधवार भागवतचा, गुरुवार सुदामचा, आणि मंगळवार-शुक्रवार मामींचे. ते दोन दिवस कुणी हलवायचे नाहीत. मामांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणून भागवत आणि सुदाम आळीपाळीनं मामींना न्यायचे आणि त्या सुईला लागल्या की बीडमध्ये आपापली कामं उरकायचे.

मामांची अट एकच होती, काच कोरी ठेवायची. आधीच्या मालकाचं रेडियमचं नाव त्यांनी स्वतः काढलं. भागवत म्हणाला, "मामा, तुमी अख्ख्या गावाला नावं दिली आन् आपलीच गाडी बिननावाची? चोरीची वाटायलीय की ही!" आणि खरंच, पहिल्याच महिन्यात पोलिसांनी दोनदा थांबवली. बिननावाची गाडी त्यांनाही संशयास्पद वाटली असणार. मामा ठाम होते. "नाव टाकलं की गाडी एकाची व्हती. हिरीवर कुनी फोटो लावतंय का?"

भागवतला वाटत होतं पहिला नारळ त्याच्याकडचे लोक जातात त्या नारायणगडावर फोडावा. सुदाम रुमालानं मान पुसत राहिला. मामांनी ते मान पुसणंही वाचलं. "पयला नारळ दवाखान्याच्या दारात," ते म्हणाले, "थितं सगळ्यांचाच देव हाय." तसाच फोडला. वॉचमन ओरडला, मामींनी त्यालाच खोबरं दिलं. पुढं दीड वर्षं ती गाडी सुरळीत चालली. मामी मधल्या सीटवर पदर सावरून बसायच्या, नर्सबाईंसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडीवर. माझ्या दुकानासमोरून जाताना हात हलवायच्या. "आमदारीन झाल्यागत वाटतंय," म्हणायच्या. त्या दिवसांत मला खरंच वाटायचं, गाव असंच असतं.

मग ते वर्ष आलं. जिल्ह्यात काय झालं ते मी लिहीत बसत नाही. इथल्यांना ते ठाऊक आहे आणि बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. एवढंच, की दोन समाज आपापल्या नेत्यामागं उभे राहिले आणि गाव मधोमध फाटलं. लोकांनी चहाची हॉटेलं बदलली. माझ्या दुकानात येणारे आधी भिंतीवरच्या लायसन्सवरचं आडनाव वाचू लागले आणि मग पायरी चढू लागले. तापाच्या गोळीला कसली आलीय जात, पण विचारणार कुणाला? भागवत एका बाजूचा निघाला आणि सुदाम दुसऱ्या. इतकी वर्षं ते मोजायची वेळ कुणावर आली नव्हती.

तरी मंगळवार-शुक्रवार चालू होते. ज्याची पाळी असेल तो गाडीत दुसऱ्याविषयी चकार शब्द काढत नाही, असं मामी मला सांगायच्या. मामा म्हणायचे, "हिर आटली न्हाई अजून."

एका शुक्रवारी भागवतची पाळी होती. बीडच्या वाटेवर फाट्यावर रास्ता रोको लागला. मागं-पुढं गाड्यांची रांग, कुणाला हलू देईनात. मामींचे पाय सुजलेले, दम लागलेला. मामा खाली उतरून हात जोडत होते, पण कोण ऐकतंय? आंदोलन भागवतच्या बाजूचं होतं. त्यानं पाहिलं की ज्या गाडीच्या काचेवर त्यांच्या साहेबांचा फोटो आहे, तिला वाट मिळतेय. तिथं एक जण स्टिकर वाटत उभाच होता. भागवतनं एक घेतलं आणि मागच्या काचेवर चिकटवलं. लोक बाजूला झाले, एकानं तर पुढं होऊन वाट करून दिली. मामी वेळेवर सुईला लागल्या. त्या दिवशी भागवतनं त्यांचा जीव वाचवला, हे मी आजही म्हणेन.

पण परत येताना त्यानं स्टिकर काढलं नाही. विसरला म्हणा, की नाही काढावंसं वाटलं म्हणा. संध्याकाळी दुधाची वेळ, सुदामच्या केंद्रासमोर कॅनवाल्यांची रांग, आणि गाडी नेमकी तिथून आली. सुदाम बाहेर आला.

"बे भागवत, ह्ये काय लावलंस?"

"मामी तडफडत व्हत्या बे. फोटू बगून सोडलं आमाला."

"बरं केलंस. आता काढ."

एवढ्यावर मिटलं असतं. पण रांगेतलं कुणीतरी हसलं आणि भागवतचा चेहरा बदलला. "सायबाचा फोटू हाय, काढू कावून?"

"मंग ही गाडी तुमची. पुढच्या पाळीला मी न्हाई."

दोघांच्याही मागं माणसं उभी होती. एकटे असते तर कुणीही माघार घेतली असती. मामा गाडीत मामींचा हात धरून बसले होते आणि हे सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी गाडी टपरीपुढं लावून घेतली आणि ब्लेड व रॉकेल घेऊन काचेला लागले. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं होतं, जुनं नाव काढायचं आणि नवं टाकायचं. त्यात कुणाचा अपमान होतो हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. चांगल्या डिंकाचं स्टिकर होतं, सबंध निघेना. आधी डोळे गेले, मग कपाळ, मग मिशी. रस्त्यावरून कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. मी बघत होते. मला वाटलं, मामांच्या कामाचं कौतुक असेल. संध्याकाळपर्यंत ते निम्म्या तालुक्याच्या स्टेटसवर होतं. साहेबांच्या तोंडावर ब्लेड चालवणारा पेंटर!

एका बाजूची माणसं चिडून आली, टपरीवर लाथा घालून गेली. दुसऱ्या बाजूची हसत आली, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी मामांच्या गळ्यात हार घातला आणि आपल्या साहेबांचा फोटो पुढं केला. "मामा, आता ह्यो लावा. तुमी आपले." मामांनी हार काढून त्यांच्याच हातात दिला. "मी कुनाचा न्हाई, बाबांनो. मला फकस्त मंगळवारी बीडला जायचंय." हार घालणारे सुदामचे भाऊबंद होते. हार परत आला म्हटल्यावर सुदामचाही परतीचा दोर कापला गेला.

भागवत दोन दिवसांनी माझ्याकडं डोकेदुखीची गोळी घ्यायला आला. गोळी खिशात घातली आणि उभाच राहिला. "ताई, मामांनी ब्लेड कावून लावलं? पान्यानं भिजवून काढलं असतं तर चाललं असतं. मी मामीसाठी लावलतं वो." त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, मग मंगळवारी चल. तो म्हणाला, "आमचे लोक दुकान पेटवून देतील." किल्ली त्याच्या डोक्याशेजारीच टांगलेली होती, तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

पुढं काही आठवडे आमचे हे मामींना घेऊन जात. मग एका सकाळी बघतो तर मागची काच फुटलेली, आत सीटवर दगड. कुणी मारला ते कळलं नाही, दोन्ही बाजूंना कारण होतं. मामांनी नवी काच बसवून घेतली आणि फडक्यानं पुसली. पण मामीच बसेनात. "माज्यापायी दुसऱ्याच्या लेकराचं डोकं फुटाया नगं." त्यानंतर ते दोघं एसटीनं जाऊ लागले. येताना सुई टोचलेला हात छातीशी धरून मामी गर्दीत कशा उभ्या राहायच्या, ते मामांनी मला कधी सांगितलं नाही. आठवड्यातून दोनदाचं एकदावर आलं. डॉक्टर ओरडले. मामा म्हणाले, "त्यांचं बराबर हाय. पर ते एसटीला न्हाईत ना."

माघात एका मंगळवारी बसच आली नाही. स्टँडवर बराच वेळ बसून दोघं घरी परतले. दुसऱ्या दिवशी मामी गेल्या.

मौतीला अख्खं गाव आलं. आपल्याकडं मेलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही. भागवतनं खांदा दिला, सुदामनंही दिला. पण एक बाजूला झाला तेव्हाच दुसरा पुढं आला. मामा मडकं धरून पुढं चालत होते, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मला राग आला होता, सगळ्यांचा, आणि तो अजून गेलेला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मामांनी गाडी विकायला काढली. लेक त्यांना लातूरला न्यायला आली होती. उमापूरकडचा एक जण गाडी घ्यायला आला, बघितली, पसंत पडली. मी किल्ली खिळ्यावरून काढून मामांकडं नेऊन दिली. तेवढ्यात त्या माणसाची नजर टपरीवर गेली.

"मामा, तुमी पेंटर हाव का? मंग काच कोरी कावून ठिवली? आमच्या सायबाचं नाव टाकून द्या की. चांगलं ठसठशीत."

कोणत्या बाजूचे साहेब ते मी इथं लिहीत नाही. मला वाटलं, मामा आता भडकणार. त्या लाथा, तो हार, सगळं बाहेर येणार. मी पायरी उतरून निम्म्या रस्त्यात आले. मामा उठले. टपरीतून डबा काढला, ब्रशचे वाळलेले केस बोटांनी मोकळे केले. काच गमछ्यानं पुसली, खडूनं रेघ मारली आणि लिहायला बसले. इतकी सरळ शिरोरेघ मी त्यांच्या हातूनही आधी पाहिली नव्हती. खाली न सांगता दोन फुलंही काढली.

तो माणूस खूश झाला. मामा दोन पावलं मागं सरले, चष्मा कपाळावर ढकलला आणि ओठ हलवत एकदा वाचलं.

"आता कुनी अडवनार न्हाई, ताई," ते म्हणाले. "आता येळंवर पोचंल."

गाडी सुरू झाली आणि वळणापलीकडं गेली. मामांनी मान वर केली नाही. ते ब्रश रॉकेलात धूत बसले होते.