टिचकीची जागा

वडील गेल्यावर त्यांची जुनी जीप माझ्याकडे आली. ऑइलचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावरून हलेना, म्हणून गंगाखेडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. मीटर वडिलांनीच बाजारातून आणून बसवलेला. मेकॅनिकच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

त्यांनी मीटरमागची तांब्याची नळी सोडवली, टोक डब्यात धरलं आणि मला इंजिन सुरू करायला लावलं. तेल जोरात आलं.

"इंजन ठणठणीत हाय. मीटरच अडकायलाय."

"नवा बसवा," मी म्हणालो.

नवा बसवून झाल्यावर ते जुना मीटर हातात घेऊन बघत राहिले. काचेवर एक ठिपका घासून पांढरा झाला होता.

"हितं कुणीतरी रोज टिचकी मारायचं. ठेवता का?"

"फेका," मी घाईत म्हणालो.

घरी पोचल्यावर आठवलं. जीप सुरू केली की वडील आधी तिथं टिचकी मारायचे. दोन दिवसांनी परत गेलो.

"फेकवला न्हाई बघा," ते हात पुसत म्हणाले. "एका ऊसवाल्याच्या ट्रॅक्टरला बसवून दिला. अडकतोय अजून. पण त्याला दावलंय, टिचकी कुठं मारायची ते."