चासिबची बदकं

आमच्या चासिबचा, माझ्या नवऱ्याचा, हात सढळ. पैशाचं म्हणत नाही, पैसा आहे कुठे? शिकारीचं म्हणते. इराकमधल्या आमच्या चिबायिशच्या दलदलीत याच्यासारखा नेमबाज नाही, पण याचा पक्षी बघून कुणी नुसतं "माशाल्ला!" म्हटलं, की हा म्हणणार, "घे, तुझाच."

इतकी वर्षं मी सोसलं. पण या हिवाळ्यात आमची लेक वफा तिसऱ्यांदा पोटुशी होऊन माहेरी आली. आधीची दोन्ही वाचली नव्हती. आठवडाभर तिच्या पोटात पाणी ठरेना. शेवटी म्हणाली, "आई, तुझ्या हातचं रानबदक असेल तर खाईन."

चासिब पहाटेच होडी घेऊन बोरूच्या बेटांत गेला. बंदुकीचे आवाज ऐकून मी तांदूळ भिजवले. दुपारी हा आला, तर हातात एकुलती एक काळी पाणकोंबडी.

"बदकं कुठायत?"

"दोन मिळाली होती. वाटेत मिझहर भेटला. म्हातारा माणूस, नुसता बघत राहिला गं."

"आणि दुसरं?"

"त्याचा भाऊ शेजारीच उभा होता. त्याला काय वाटलं असतं?"

"आणि पोरीला काय वाटेल? ती तिकडे वाळून चाललीय!"

हा मान खाली घालून बसला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पाणकोंबडीला चिखलाचा वास, आणि तो सगळा कातड्यात. म्हणून पिसं न उपटता कातडंच सोलून काढलं. चरबी खरवडली, छर्रे वेचले, मांस मिठाच्या पाण्यात मुरवलं. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मग कांदा, हळद, वाळकं काळं लिंबू घालून मंद आचेवर ठेवलं.

वफाने पहिला घास घेतला. माझा जीव मुठीत.

"आई, हे बदक नाही."

"नाही गं बाई."

तिने दुसरा घास घेतला. मग तिसरा.

तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. मिझहरचा भाऊच!

"चासिब, वास झकास सुटलाय! काय शिजलंय?"

मी कपाळाला हात लावला. आमच्या दारातून आजवर कुणी न जेवता गेलेलं नाही. चासिब दारात गेला. वळून त्याने लेकीकडे पाहिलं. ती हाड चोखत होती.

"काही नाही रे," तो ओरडला. "कांदा जळलाय नुसता."

आत येऊन बसला तो चोरी केल्यासारखा. "खोटं बोललो गं. उद्या त्याला एक बदक द्यायला हवं."

मी कोरडा भात त्याच्यापुढे आदळला. तोंड उघडणार, एवढ्यात वफाने ताट पुढे केलं.

"आई, अजून आहे?"