गळ्यातली वीणा

बुक्क्याची जुनी डबी उघडली आणि दुष्काळातला तो हरिनाम सप्ताह आठवला. मी दहा वर्षं टाळ वाजवल्यावर आमचे वीणेकरी कोंडिबातात्या यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच वीणा माझ्या गळ्यात घातली. दुसऱ्यानं घेईपर्यंत ती खाली ठेवायची नसते.

तेवढ्यात टँकर आला. टाळ टाकून सगळे घागरी घेऊन पळाले. मी एकटाच नाम घेत उभा. घरी पाण्याचा थेंब नव्हता. मला असं अडकवून स्वतः गेलेल्या तात्यांचा रागच आला.

बऱ्याच वेळानं तात्या परतले, कपाळावरून पाणी निथळत.

"तुज्या घरी घागर ठिवली."

"अन् तुमच्या?"

"बगू."

वीणा घेण्याआधी रिवाजाप्रमाणं ते माझ्या पायांवर वाकले. मी ओशाळून पाय मागं घेतले.

"हालू नगंस. वीणा हाय तुज्या गळ्यात."

त्या ओल्या कपाळाचा गारवा पायांवर अजून आहे.