कालचं तिकीट

आमच्या चौलला हुतुतूचे सामने भरले, तेव्हा तिकीटविक्री माझ्याकडे होती. शाळामास्तर म्हणजे चोख माणूस, असं मंडळाचं मत. बाजारातल्या सोडावॉटरवाल्याने उपांत्य सामन्याची तिकिटं गठ्ठ्याने मागितली आणि मी देऊन टाकली. ओळखीचा माणूस, शिवाय माझा दिवसभराचा व्याप वाचला.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. दुपारी आतल्या भातशेतीच्या गावातून पाच बायका बैलगाडीने आल्या. त्यांतल्या थोरलीचा मुलगा आमच्या संघाचा पहिला चढाईवाला. दारावर मी तिकिटं पाहिली.

"मावशी, ही कालची आहेत."

"सोडावाल्यानं आजची म्हणून दिली. दुप्पट पैसं घेतलं मेल्यानं. आमाला वाचाया येत न्हाय."

आमचे अध्यक्ष पुढे आले. "बाहेर घेतलेल्या तिकिटांना आम्ही जबाबदार नाही."

मावशी जागची हलली नाही. "शिक्का कुनाचा हाय यावर?"

"आमचाच."

"आन् त्याला येवढी तिकिटं दिली कुनी?"

अध्यक्षांना ते ठाऊक नव्हतं. माझे कान तापले.

"मी दिली," मी म्हणालो.

एकदा बोलून गेल्यावर धीर आला. मी कर्ण्यावरून पुकारा केला, "बाजारात तिकीट घेऊन जे फसले असतील, त्यांनी दाराशी यावं." बघता बघता रांग लागली. मिठागरावरची माणसं होती, रेवदंड्याचे दोन कोळी होते. पुकारा ऐकून मावशीचा मुलगा मैदानातून धावत आला. आईला बाहेर उभी पाहून तो अध्यक्षांना म्हणाला, "ही मानसं आत आल्याबिगर मी खेळनार न्हाय." पाठोपाठ समोरच्या संघाचा कप्तानही मैदान सोडून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. आतल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

अध्यक्षांनी मैदानाच्या कडेला सतरंज्या अंथरायला सांगितल्या. सोडावाल्याला दुकानातून बोलावून आणलं. सगळ्यांदेखत त्याने एकेकाचे पैसे परत केले. मावशीने आपले पैसे पदराला बांधले आणि ती पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. सामना आम्ही जिंकला, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

पुढच्या वर्षीपासून एका माणसाला पाचच तिकिटं आणि रोजच्या तिकिटाचा रंग वेगळा, असा नियम मी मंडळाकडून मंजूर करून घेतला. त्याच रंगाचं निशाण दारावर लावायचो. त्या वर्षी अंतिम सामन्याला मावशी आली, हातातलं तांबडं तिकीट तिने निशाणाशी ताडून पाहिलं आणि मला काही न विचारता ताठ मानेने आत गेली.