मोठं चाक कुठे बसवायचं

निवृत्तीनंतर लोक नातवंडं खेळवतात किंवा सोसायटीचे सचिव होतात. मी मिलिंग मशीन घेतलं. धातू कोरायचं, टेबलावर मावणारं, देवघराएवढं. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना मशीनं शिकवली, आता घरी बसून बारीक, नाजूक कामं करू असा बेत होता. वर्षभरात त्यावर एक पितळी पेपरवेट झालं. तेही जरा डुगडुगतं.

मे महिन्यात आईच्या चष्म्याची बिजागरी तुटली. फ्रेम जुनी, जाड. धंतोलीतला चष्मेवाला म्हणाला, ही बिजागरी आता मिळत नाही, नवी फ्रेम घ्या, पाच दिवसांत काचा बसवून देतो. सहाव्या दिवशी उमरेडला आईच्या धाकट्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. सगळं नीट जमत होतं, आईही तयार होती. पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि माझ्यातला मास्तर अजून निवृत्त झालेला नव्हता. मी म्हणालो, "याले काय लागते? मी घरीच बनवतो."

घरी आल्यावर आईने सरळ सांगितलं, "बिना चष्म्याची मी नाई जात बापा. तिचं तोंडच नाई दिसलं तं जाऊन काय करू?" आईची ती एकच बहीण उरली आहे आणि तिचंही आता फारसं खरं नाही. चष्मा नसला की आईला समोरचा माणूस म्हणजे नुसता साडीचा किंवा सदऱ्याचा रंग.

बिजागरीत एक मिलिमीटरची खाच पाडायची होती. त्याला सुईसारखं बारीक कटर लागतं आणि बारीक कटरला वेग लागतो. हळू फिरलं तर ते कापत नाही, पितळात अडकतं आणि मोडतं. माझ्या मशीनचं स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरणारा दांडा, गिअरवर चालणारं आणि स्वभावाने माझ्यासारखं संथ. म्हणून मी गिअर काढले, लकडगंजातून अॅल्युमिनियमचा गोळा आणून ओळखीच्या माणसाच्या लेथवर दोन पुल्या, म्हणजे पट्ट्याची चाकं, कातल्या, एक मोठी, एक लहान, आणि पट्टा चढवला. यात तीन दिवस गेले. बायकोला मी वेगाचं गणित कागदावर काढून समजावलं. तिने त्या कागदावर भाजी निवडली.

चौथ्या दिवशी मशीन सुरू केलं. मोटर झकास आवाज करत होती. पहिलं कटर मोडलं. मी म्हणालो, व्होल्टेज कमी आहे, कूलर बंद कर. मे महिन्यात नागपुरात हे म्हणायला एक तर हिंमत लागते, नाही तर अक्कल नसावी लागते. "तुमच्या मशीनले गर्मी होत नसन, मले होते," बायको म्हणाली, पण तिने अर्धा तास बंद केला. दुसरं कटर मोडलं. मग मी पितळाला नावं ठेवली.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "तुझी चाती हळू फिरून राहिली गा."

आमचं घर विणकरांचं. वडील हातमागावर बसत आणि आई चरख्यावर त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. ज्या दांड्यावर कांडी बसवून फिरवतात ती चाती, आणि चाकावरून येऊन तिला फिरवणारी दोरी ती माळ.

"चाती नाही माय, स्पिंडल हाय ते," मी म्हणालो. "मोटरचा आवाज आयक नं किती जोरात हाय."

"मोटरचा आयकू येते. चातीचा नाई येत."

म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा, म्हणून मी तिसरं कटर लावलं. तेही मोडलं. आता एकच उरलं होतं आणि चष्मेवाल्याकडे परत जायची मुदत मी घालवून बसलो होतो. खरं सांगतो, मला भीती वाटली. लग्नात ती मावशी दाराकडे बघत बसलेली मला दिसायला लागली.

आई भिंत धरत आली. "बंद कर," म्हणाली. मग तिने दोन्ही पुल्यांवरून हात फिरवला, आधी एक, मग दुसरी, आणि मोठीवर थांबली.

"हे मोठं चाक चातीवर काहून बसवलं? मोठं हाताकडं रायते, लहान चातीकडं. मोठं एक डाव फिरलं का लहान चार डाव फिरते."

आयटीआयच्या ड्रिलिंग मशीनवर जाड लोखंडाला भोकं पाडायची म्हणून आम्ही नेहमी मोटरवर लहान पुली आणि स्पिंडलवर मोठी घेत असू, म्हणजे वेग उतरे. तीस वर्षांची सवय हातात होती. मी वेग वाढवायला निघालो आणि होता तोही घालवला. आणि हेच गणित मी पोरांना फळ्यावर शिकवायचो, चुकलं की बाकावर उभं करायचो.

मोटरचा आणि स्पिंडलचा, दोन्ही दांडे एकाच जाडीचे निघाले हे माझं नशीब. पुल्यांची अदलाबदल केली. मोटरच्या आवाजावर दुसरा, बारीक आवाज चढला. आईने मान हलवली. शेवटच्या कटरने खाच एका दमात पाडली.

शाळेपासून मी फॉर्म भरत आलोय. वडिलांचा व्यवसाय, विणकाम. आईचा व्यवसाय, काही नाही. तिचं चाक थांबलं की अर्ध्या तासात वडिलांचा माग थांबायचा, हे रोज डोळ्यांनी पाहून मी तसं लिहिलं. मला त्या दुपारी फार लाज वाटली, आणि ती तिला सांगता आली नाही.

संध्याकाळी चष्मा तयार झाला. मी बिजागरीकडे बोट दाखवत कौतुकाची वाट पाहत होतो. आईने चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे न पाहता मशीनपाशी गेली आणि वाकून मोठी पुली बघितली.

"कडेले धार राहिली. माळ कापन हे," ती म्हणाली. "मी उमरेडहून येईस्तोर घासून ठेव."

मी "हो माय" म्हणालो आणि पॉलिशपेपर शोधायला लागलो.