फोन हातात धरून धावणारा

चंद्रपूरजवळच्या जंगलरस्त्यावर तो रोज सकाळी दिवा न्यावा तसा छातीशी फोन धरून धावायचा. ॲप दर किलोमीटरला मोठ्यानं अंतर सांगायचं. माझ्या मनगटावर जीपीएस घड्याळ होतं. मला त्याचा फोन खटकला. फिरणाऱ्या बायांचे व्हिडिओ काढत असेल, असं मी दोघा-चौघांना बोललो.

एकदा विचारलं, "घड्याळ काऊन घेत नाई?"

"घड्याळ गप राह्यते, भाऊ. फोन बोलते, तं वाघाले समजते, माणूस येऊन राह्यला."

शेवटी लोकांनी त्याला अडवलं. त्यानं फोन माझ्याच हाती दिला. "भाऊ, तुमीच पाहून सांगा."

आत एकही व्हिडिओ नव्हता. पण तसं सांगितलं तर मी खोटा पडलो असतो. म्हणालो, "आता तं काई दिसत नाई."

त्यानं पुसून टाकलं असणार, असं सगळे समजले. मी समजू दिलं.