उजव्या अंगाचा बैल

मी वाशीमच्या एका शाळेत गणित शिकवते आणि माझी जिवाभावाची मैत्रीण मंगरूळपीरला फ्लेक्सचं दुकान चालवते. न घातलेला हार पुढाऱ्याच्या गळ्यात घालणं, डोळे मिटलेल्या नवरदेवाला डोळे बसवणं हा तिचा रोजचा धंदा. दोघींचीही पस्तिशी उलटलीय. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जे केलं ते कुणाला तोंडानं सांगायची सोय नाही, म्हणून लिहून टाकते.

शाळेत असताना तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर आम्ही मोटारींच्या शर्यतीचा एक गेम खेळायचो. ती सीडी तिच्या अब्बांच्या कपाटात सापडली, आणि आश्चर्य म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर चाललीसुद्धा. दोन फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "काय वं, या लाल मोटारीच्या जागी बैल पळाले तं?"

"म्हणजे शंकरपट?" मी म्हणाले. झालं! डोक्यात भुंगा शिरला.

गेम बनवणाऱ्यांनी त्यात बदल करायची काही म्हणता काही सोय ठेवली नव्हती. सगळी चित्रं, रस्ते, आवाज एकाच भल्यामोठ्या फाइलीत कोंबलेले. ती उघडली की नुसते आकडे, पानंच्या पानं. मग अंदाजपंचे दाहोदरसे! दहा आकडे बदलायचे, गेम चालू करायचा आणि काय बिघडलं ते बघायचं. एकदा आभाळ रस्त्यावर पसरलं. एकदा सगळ्या मोटारी उताण्या धावल्या आणि आम्ही हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिलो. लाल मोटारीचं चित्र तिसऱ्या दुपारी सापडलं. नवं चित्र बरोबर तेवढ्याच जागेत बसायला हवं, एक आकडा जास्त झाला की गेम बंद.

"ब्लाउजपीसमधून सदरा काढून राह्यलो आपण," ती म्हणाली.

इंजिनाच्या आवाजाच्या जागी तिनं स्वतःचं 'हैक हैक, हुर्रर' भरलं. वेग वाढला की इंजिनाचा आवाज चढतो, हे दोघी साफ विसरलो होतो. पहिल्या गिअरला ती बरी ओरडायची, चौथ्याला कानाशी आलेला डास. दाराशी आलेलं एक गिऱ्हाईक तो आवाज ऐकून बाहेरच्या बाहेर परत गेलं.

आता बैल कुणाचे घ्यायचे? माझ्या बाबांचे, दुसऱ्या कुणाचे! आमचं गाव आसेगावच्या अलीकडे. शंकरपटाच्या शर्यतीत गाडीवर उभा राहून जोडी हाकणारा तो धुरकरी, आणि माझे बाबा त्या कामात वाघ. त्यांची जोडी एक पांढरा, एक तांबडा. लम्पीच्या साथीत तांबडा गेला. एकट्या बैलाचा पट नसतो, म्हणून पांढरा मामाकडे दिला. तेव्हापासून दीड वर्ष बाबांनी बैलाचं नाव काढलेलं नव्हतं. कुणी पटाचा विषय काढला की ते चपला घालून बाहेर पडायचे. "त्याईच्यापुढं बैल काढू नको बाई," असं आईनं मला बजावून ठेवलं होतं. आणि मी शहाणी त्यांना गेम दाखवायला निघाले होते. मला वाटत होतं, ते हसतील. नाही हसले तर काय, हा विचार यायचा, तरी मी थांबले नाही.

बाबा बाजाराला आले होते. चहाला म्हणून त्यांना दुकानात बोलावलं आणि गेम लावला. मोटारीचा आकार मोटारीचाच, चाकं रबरी, पण डाव्या अंगाला बैल, उजव्या अंगाला बैल.

"तुमची जोडी, काका," मैत्रीण म्हणाली.

बाबा उठले. मला वाटलं, चालले. ते पडद्याजवळ गेले, चष्मा वर-खाली केला.

"तांबडा कुठी हाय?"

 गेम दोन्ही बाजूंना एकच चित्र उलटसुलट करून लावायचा, आणि फोटो आमच्याकडे पांढऱ्याचाच होता. प्रत्येक फोटोत तांबडा त्याच्या मागे झाकलेला.

"एकच बैल दोन्हीकडं जुंपतेत का कधी? तांबडा उजव्या अंगाले पळे! गणिताची मास्तरीण तू, तुले दोन मोजता येत नाईत?"

दीड वर्षानंतर ते तांबड्याबद्दल बोलले, आणि तेही मला झापत. मला इतकं बरं वाटलं!

त्यांनी खुर्ची ओढली आणि मैत्रिणीनं पांढऱ्याच्याच फोटोवरून तांबडा घडवायला घेतला. "शिंग जरासं आत घे. एवढं नाई. हां. वशिंड इकडं झुकेल होतं."

"काका, रंग गडद करू का?"

"वीट असते ना भाजेल, तसा."

दोन तास ते बोलत होते. तांबडा कसा दावं तोडायचा, कुणाच्या हातचं खायचा, कुणाला शिंग दाखवायचा, सगळं. माझे डोळे भरून येत होते आणि हसूही आवरत नव्हतं, म्हणून मी तीनदा चहा आणायला गेले.

उजव्या अंगाला वेगळं चित्र लावणारा तो एक आकडा शोधायला चार दिवस लागले. तांबड्याच्या चित्राला फाइलीत रिकामी जागा नव्हती, म्हणून आम्ही शर्यतीतल्या दुसऱ्या, हिरव्या मोटारीचं चित्र पुसून तिथं त्याला बसवलं. पाचव्या दिवशी बाबा न बोलावता आले आणि खेळायला बसले. डावीकडे पांढरा, उजवीकडे तांबडा. त्यांनी मान डोलावली.

शर्यत सुटली आणि शेजारून हिरवी मोटार पुढे गेली. ती हिरवी राहिलीच नव्हती. तिच्या दोन्ही अंगांवर तांबडा!

"या अल्ला," मैत्रिणीनं कपाळावर हात मारला, "तिच्यावर पण तोच चढला!"

मी गेम बंद करायला हात पुढे केला. बाबांनी तो धरला.

"राहू दे. पाह्य, पाह्य कसा चालला! मेला तरी पुढंच!" ते हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसायला लागले.

पुढे सरळ रस्ता होता. त्यांची जोडी जास्त वेगाची, बटण दाबून ठेवलं असतं तर सहज पुढे गेली असती. बाबांनी बोट उचललं.

"जाऊ दे त्याले," ते म्हणाले.